बंद बत्तीचा पहारा

फक्रुद्दीनच्या वडिलांच्या, चाँदसाहेबांच्या बरसीच्या फातिह्याला यंदा खर्ड्यातली निम्मी गल्ली जेवून गेली. लढाई संपली होती, पण साखर अजून रेशनवरच मिळे. मलिदा गुळाचा झाला, त्याबद्दल कुणी तक्रार केली नाही. जेवणं उरकली, पुरुषमाणसं ओसरीवर रेलली आणि फक्रुद्दीन दरवर्षीप्रमाणे वाघखडपाची हकीकत सांगू लागले.

"आमचे वालिद भिंगारच्या छावणीत कंदील लावायचे. एका गोऱ्या इंजिनिअरनं बघितलं, ह्या माणसाच्या कंदिलाची काच कधी काळी पडत नाही. म्हणाला, चल कोकणात. तिथं समुद्रात एका खडकावर मनोरा बांधला होता. बत्ती आली होती, माणूस नव्हता. वालिदांनी तोवर मोठं पाणी म्हणजे पुराची सीना पाहिलेली."

लोक हसले. खर्ड्यात सलग तीन वर्षं विहिरी भरल्या तर ती बातमी होई. अशा गावातल्या एका घराला बत्तीवाल्यांचं घर म्हणतात, याचं हसू दरवर्षी नव्यानं येई.

फक्रुद्दीन पुढे सांगत राहिले. आधी तेलात बुडवलेल्या वातीची बत्ती होती, ती रात्रभर कातरत बसावं लागे. मग पंपानं हवा भरायची रॉकेलची बत्ती आली. तिच्याभोवती माणसापेक्षा उंच भिंगांचा पिंजरा; तो फिरता ठेवायला मनोऱ्याच्या पोकळीत वजन सोडलेलं, घड्याळासारखी चावी देऊन ते पुन्हापुन्हा वर चढवायचं. चाँदसाहेबांनी डोळे अधू होईपर्यंत ती सांभाळली, मग फक्रुद्दीननी पेन्शन लागेपर्यंत. आता त्यांचा मुलगा सत्तार होता.

"आणि सत्तारनं तर कमाल केली," काकासाहेब म्हणाले. ते गावच्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर होते. चांगल्या वाक्यावर त्यांचा जीव असे. "घरचा दिवा विझला, पण सरकारची बत्ती विझू दिली नाही."

वाक्य मूळ फक्रुद्दीनचं होतं. नातू मुनीर वाघखडपावर तापानं गेल्याची बातमी आली, तेव्हा मशिदीच्या पायरीवर त्यांनीच ते उच्चारलं होतं. त्याला तीन वर्षं झाली. आता गाव ते त्यांना परत ऐकवत होतं. फक्रुद्दीननी मान खाली घातली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून मुलाकडे पाहिलं. सत्तार उठला, तांब्या घेऊन परसात गेला. तांब्या भरलेलाच होता. पोराला स्वतःची तारीफ ऐकवत नाही, असं फक्रुद्दीनना वाटलं आणि त्यांना तेही आवडलं.

---

आतल्या खोलीत सत्तारची बायको जरीना उष्ट्या थाळ्या एकात एक घालत होती. काकासाहेबांचं वाक्य तिच्यापर्यंत स्पष्ट पोचलं. वरची थाळी तिनं जरा जोरात ठेवली.

"हळू ग," नणंद सरवरी म्हणाली. सरवरी नगरला दिलेली होती, फातिह्यापुरती आली होती. वाघखडपावर, ऐन पावसाळ्यात जन्मलेली म्हणून तिला घरात जरा वेगळा मान होता आणि तो ती घेतही असे. "थाळीवर कशाला राग? उद्या जायचं म्हनून?"

"मी जानार हाय, हे कोनी ठरवलं?"

सरवरीनं हातातलं फडकं थांबवलं. "बघ भाभी, भाईजाननं आता तीन वर्सं एकट्यानं काढली. लढाईतली साठलेली रजा मिळाली, चार महिने घरी राहिला. आता परत एकटाच धाडायचा? आनि आता तर तुझं असं हाय."

"असं हाय म्हनूनच."

जरीनाला दिवस गेले होते. हिशेब साधा होता, आणि तो घरातल्या प्रत्येकानं गुपचूप केला होता. मूल श्रावणात होणार. श्रावणात वाघखडपाला होडी लागत नाही.

तिचा भाऊ खाजाभाई सकाळीच राहुरीहून आला होता. जामखेडपर्यंत मोटार, तिथून भाड्याचा छकडा. राहुरीला तो बैलांना आणि घोड्यांना नालं ठोकायचा. बोलणंही तसंच, एका घावात. आल्याआल्या त्यानं बहिणीला विचारलं, "सामान बांधलं का?" आणि ती म्हणाली, "बांधलंय. कुठं न्यायचं ते ठरायचंय."

---

पाहुणे गेल्यावर घरची माणसं ओसरीवर बसली. उन्हं अजून अंगणात होती. फक्रुद्दीन, सत्तार, खाजाभाई. उंबऱ्याच्या आत फक्रुद्दीनची बायको इमामबी आणि सरवरी. आणि दाराच्या पडद्यामागे जरीना. सासऱ्यासमोर ती येत नसे.

"खाजाभाई," फक्रुद्दीननी सुरुवात केली, "तुम्ही आलात, आनंद झाला. पण रीत रीत आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी."

"मान्य. पन चाचा, सासर खर्ड्याला हाय का समुद्रात?"

सरवरीला हसू आलं, तिनं पदर तोंडाला लावला.

"जिथं नवरा तिथं सासर," फक्रुद्दीन म्हणाले. "ही सरवरी तिथंच झाली. बाहेर लाटा मनोऱ्यावर चढत होत्या. काय झालं हिला?"

"जीभ जरा लांब झाली," इमामबी आतून म्हणाली.

आता सगळेच थोडं हसले. सत्तार हसला नाही. तो म्हणाला, "खाजाभाई, मी पावसाच्या आधी जरीनाला किनाऱ्यावर आणून ठेवीन. तिथं दवाखाना आहे, आपल्यातली दोन घरं आहेत."

"आनि न्हाई जमलं तर? होडी न्हाई आली, न्हाईतर तुमची बत्ती बिघडली, तर?"

"जमवीन."

"मुनीरच्या येळी पन तुमी 'सकाळी नेतो' म्हनला होता."

फक्रुद्दीनचा आवाज चढला. "खाजाभाई, त्या गोष्टीवर बोट ठेवू नका. पोराच्या बापाला दुःख नव्हतं का? पण दिवेलागणीनंतर बत्ती सोडून खाली यायचं नसतं. समुद्रात माणसं असतात. एका जीवापायी शेकडो..."

"बत्ती बंद होती."

आवाज पडद्यामागून आला. मोठा नव्हता. प्रथम कुणाला कळलंच नाही की कोण बोललं.

पडदा बाजूला करून जरीना उंबऱ्यात आली. डोक्यावर पदर होता, पण चेहरा उघडा होता. या घरात सासऱ्यांनी तो समोरून पहिल्यांदाच पाहिला.

"बत्ती बंद होती, अब्बा. लढाईत बंद ठेवायचा हुकूम होता. सगळा मनोरा काळा. तुमी गावाला सांगता, सरकारची बत्ती विझू दिली न्हाई. ती आधीच इझवलेली होती. हे अंधारात बसले होते."

फक्रुद्दीननी मुलाकडे पाहिलं. "सत्तार?"

"खरं आहे."

"मला नाही सांगितलंस."

"कुणाला सांगायचं नाही असा हुकूम होता. नंतर..." सत्तार थांबला. "नंतर तुम्ही सगळ्यांना सांगून मोकळे झाला होता."

फक्रुद्दीनचा पहिला प्रश्न बापाचा नव्हता, जुन्या बत्तीवाल्याचा होता. "मग वर कशासाठी होतास?"

"आपलं जहाज जायचं असलं की किनाऱ्यावरच्या चौकीतून दिव्यानं खूण करायचे. ती दिसली की बत्ती लावायची, जहाज गेलं की विझवायची. खूण बघायला वर माणूस लागतो."

"बरोबर आहे," फक्रुद्दीन म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडा जीव आला. "बरोबर आहे. म्हणजे पहारा होताच."

"बत्तीवर हाताखाली खलाशी हुता ना तुमच्यासंगं?" खाजाभाईनं विचारलं. "त्याला खूण कळत नव्हती?"



"कळत होती," सत्तार म्हणाला.

"खाली होडी उभी होती," जरीना म्हणाली. "होडीचा तांडेल सामान द्यायला आला होता. पोराला बघून म्हनाला, बाई, आताच निघू, भरती हाय तोवर. मी ह्यांना हाक मारली. हे अर्ध्या जिन्यापर्यंत आले. म्हनले, दिवेलागण झाली, आता पहारा सुटत न्हाई, परक्या मानसासंगं एकटी जाऊ नको, सकाळी मी सोता नेतो. होडी गेली." ती सत्तारकडे बघत नव्हती. "मी एकटी जायला पायजे हुतं. ते माझ्याकडं. पन बत्ती बंद होती, ते ह्यांच्याकडं."

---

इमामबीनं आजवर या वादात मुलाची बाजू घेतली होती. सून आली नाही तर पोरगा वाळून जाईल, असं ती गेले आठ दिवस शेजारणींना सांगत होती. आता ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि नवऱ्यासमोर येऊन बसली.

"तुमी शिकवलं ना त्याला?"

"काय?"

"बत्ती जळो न जळो, मानूस वर पायजे. दिवेलागणीनंतर खाली उतरायचं न्हाई. म्हनून घेत हुता त्याच्याकडनं, पाढ्यासारखं."

"कामाची शिस्त होती ती. माझ्या वालिदांनी मला शिकवली."

"आनि सरवरीच्या येळी?"

फक्रुद्दीननी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"सांगा की. मी वरडत हुते. सुईन न्हाई, होडी न्हाई, खलाशाची बायको तेवढी. आनि तुमी खाली आला. माझं डोकं मांडीवर घेऊन बसला हुता."

"थोडाच वेळ," फक्रुद्दीन म्हणाले. "वर खलाशी होता. चावी देऊन ठेवली होती."

"थोडा का असंना. बत्ती इझली का? जहाज फुटलं का?"

"नाही."

"आनि एकदाच न्हाई. सत्तारला गोवर आला तवाबी आला हुता. त्याचा कान दुखला तवा तेल घालायला आला हुता. मला बरं वाटायचं. कोनाला सांगायचं न्हाई म्हनलात, म्या न्हाई सांगितलं. चुकलंच माझं."

सत्तार बापाकडे बघत होता. त्यानं गोवर आठवून पाहिला. त्याला फक्त अंथरूण आठवत होतं, आणि रॉकेलचा वास असलेला एक हात. तो हात सकाळचा असेल, अशी त्याची आजवरची समजूत होती.

"अब्बा, हे मला कधी सांगितलं नाहीत."

"तुला काम शिकवत होतो मी," फक्रुद्दीन म्हणाले. "असल्या गोष्टी काम शिकवताना सांगायच्या नसतात. त्या..." ते शब्द शोधत राहिले. "त्या ज्याच्या त्यानं करायच्या असतात. मला वाटलं, तुला कळेल."

"मला जे सांगितलंत, ते मी केलं."

सरवरीनं, जिनं सकाळपासून भावाची वकिली केली होती, खाली मान घालून बांगडी फिरवायला सुरुवात केली. वाघखडपावर जन्मल्याचा जो मान ती मिरवत होती, त्याची दुसरी बाजू तिला आज प्रथम दिसली. तिच्यासाठी बाप जिना उतरला होता. मुनीरसाठी कुणी उतरलं नव्हतं.

फक्रुद्दीननी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "राजीनामा दे," ते म्हणाले.

हे कुणालाच अपेक्षित नव्हतं. इमामबीलाही नाही.

"दे राजीनामा. झाली तीन पिढ्यांची चाकरी. इथं राहा."

"इथं काय करू अब्बा? खर्ड्यात कुणाला दिवा दाखवू?"

"राहुरीला या, दाजी," खाजाभाई म्हणाला. भांडायला आलेल्या माणसाचा आवाज आता राहिला नव्हता. "नालं ठोकायला शिकवतो. बैल लाथ मारतो, पन एक हाय, मानूस जमिनीवर असतो."

सत्तार किंचित हसला. मग त्यानं मान हलवली.

"आता सोडली, तर सगळे विचारतील, सोडता येत होती, मग त्या दिवशी का नाही सोडली? दुसऱ्या कुणी नाही विचारलं, तर मीच विचारीन."

जरीना अजून उंबऱ्यातच उभी होती. इमामबीनं तिचा हात धरून तिला शेजारी बसवलं. सुनेला सासऱ्यासमोर बसवायची ही त्या घरातली पहिली वेळ होती, आणि फक्रुद्दीननी तोंड फिरवलं नाही.

"सून माझी हाय," इमामबी म्हणाली. "मीच सांगते. खाजाभाई, तिला ने. लेकरू राहुरीला हुईल."

"बेटी, तुझं काय?" फक्रुद्दीननी विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी तिला थेट विचारलेली ही पहिलीच गोष्ट.

"मी राहुरीला जाते," जरीना म्हणाली. "ह्यांच्यावर राग हाय म्हनून न्हाई. तिथला जिना मला पुन्हा बघवनार न्हाई."

दुसऱ्या दिवशी छकडा निघताना काकासाहेब आपल्या ओट्यावर उभे होते. त्यांनी सत्तारला हात केला आणि कालचंच वाक्य पुन्हा म्हणायला तोंड उघडलं. फक्रुद्दीन मध्येच म्हणाले, "काकासाहेब, तो विषय आता पुरे." काकासाहेबांना ते लागलं. नंतर कित्येक दिवस ते बत्तीवाल्यांच्या ओसरीवर चढले नाहीत. फक्रुद्दीननीही बोलावलं नाही. पुढच्या फातिह्याला हकीकत झाली नाही.

---

जामखेडपर्यंत एकच छकडा होता, नगरपर्यंत एकच मोटार. वाटेत खाजाभाई रस्त्यानं दिसेल त्या बैलाच्या खुरांबद्दल बोलत राहिला. कुणीतरी बोलणं गरजेचं होतं आणि त्याला तेवढं एकच जमत होतं. नगर स्टेशनवर मात्र वाटा फुटत होत्या. राहुरीची गाडी मनमाडच्या अंगाला जाणार, सत्तारची दौंडकडून पुण्याला.

राहुरीची गाडी आधी होती. खाजाभाई तिकिटं काढायला गेला आणि लवकर परतला नाही. तो मुद्दाम रेंगाळतोय, हे दोघांनाही कळलं. जरीना ट्रंकेवर बसली. सत्तार उभा राहिला. चार महिने एका छपराखाली राहून जे बोलणं झालं नव्हतं, त्याला आता जेमतेम गाडीचा सिग्नल पडेपर्यंतचा अवकाश होता.

"एक इचारू?" जरीना म्हणाली.

"विचार."

"त्या रात्री सकाळपातूर तुमी एकदाबी खाली बघितलं न्हाई?"

"बघितलं." त्यानं लगेच उत्तर दिलं. जणू या प्रश्नाची तो फार दिवस वाट बघत होता. "पुन्हापुन्हा बघितलं. खूण बघायला समुद्राकडे उभा राहायचो, आणि दर वेळी फिरून अंगणाकडच्या झरोक्याशी यायचो. समुद्रावरून न दिसणाऱ्या आपल्या खोलीच्या खिडकीत कंदील दिसत होता. मोठा केलेला, नीट जळत होता."

"व्हय. खिडकीत ठिवला हुता."

"तो बघून मला बरं वाटायचं. आमच्यात असंच असतं ग. लांबून बत्ती दिसली, की समजायचं, माणूस जागा आहे, सगळं ठीक आहे. अंधार दिसला तर धाव घ्यायची. लहानपणापासून डोक्यात तेच. म्हटलं, कंदील जळतोय, म्हणजे मुनीर बरा आहे. विझला असता तर मी खाली आलो असतो. खरंच आलो असतो."

जरीना त्याच्याकडे बघत राहिली. फलाटावर हमाल पोती ओढत होते. कुणीतरी संत्री विकत होतं.

"तुमाला बोलवायला ठिवला हुता," ती म्हणाली.

सत्तारला ते आधी कळलं नाही. मग कळलं.

"त्यो निपचित पडला, तवा मी कंदील उचलून खिडकीत ठिवला. आवाज गेला हुता माझा, हाका मारून; त्याला टाकून जिना चढवना. म्हनलं, एवढी वात मोठी केलेली दिसली तर खाली काय झालं म्हनून बघायला येतील. तेल संपत आलं तवा पुन्हा भरलं. इझू दिला न्हाई."

सत्तार खाली बसला. फलाटावर, ट्रंकेच्या शेजारी, जमिनीवर. जरीनानं हात पुढे केला आणि त्याच्या खांद्यावर ठेवला. गाडी येईपर्यंत तो तिथंच होता. खाजाभाई तिकिटं घेऊन आला, त्यानं दोघांकडे पाहिलं आणि काही न विचारता ट्रंक उचलली.

मूल श्रावणात झालं. मुलगी. खाजाभाईनं तार केली. ती किनाऱ्यावरच्या पोस्टात पडून राहिली, कारण वाघखडपाला होडी लागत नव्हती. नारळी पौर्णिमेनंतर पहिल्या होडीतून ती गेली, तेव्हा सत्तारला कळलं की मुलगी आहे आणि दोघी सुखरूप आहेत. तारेत यापेक्षा जास्त काही लिहिलेलं नव्हतं.

तिथं आता बत्ती रोज लागत होती. खलाशी नवा होता, त्याची बायको आणि म्हातारी आई खालच्या खोलीत राहत. त्या बाईनं पुढे किनाऱ्यावर सांगितलेली एक गोष्ट तोंडोतोंडी खर्ड्यापर्यंत आली. हेडसाहेब, म्हणजे सत्तार, माणूस चांगला, पण जरा विचित्र, असं ती म्हणायची. खोलीत उशिरापर्यंत दिवा दिसला, की खलाशाला बत्तीपाशी बसवून सगळा जिना उतरून खाली येतात. दाराशी उभे राहतात आणि विचारतात, सगळं ठीक आहे ना? सांगितलं, हो, भाकरी करतेय, तरी जरा वेळ थांबतात. मग पुन्हा चढून जातात.